ऊन पाणी कोणाच्या मालकीचे?

उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर. दापोलीपासून किनवटपर्यंतच्या या नावांतच ऊन पाणी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या भूऔष्णिक नकाशासंग्रहात देशभरातील अशा ३८१ जागांची नोंद आहे. तरीही "चार दिवस सुट्टी आहे, आईला आणि मुलांना घेऊन गरम पाण्याच्या कुंडावर राहायला जाऊ" असे म्हणणारे मराठी कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. आपण कुंडावर जातो ते देवदर्शनाला. अंघोळ, नारळ आणि तासाभरात परत गाडीत.

आपल्या लोकांना सहकुटुंब मुक्कामाची हौस नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. मी सध्या रायपूरच्या दक्षिणेस अभनपूरला राहतो. येथून जवळच चंपारण हे वल्लभाचार्यांचे जन्मस्थान आहे. तेथील धर्मशाळांत गुजरात-महाराष्ट्रातून आलेली वैष्णव कुटुंबे आजीपासून नातवापर्यंत आनंदाने राहतात. छत्तीसगडात ऊन पाणीही आहे, परंतु ते राज्याच्या पार उत्तर टोकाला, अंबिकापूर-रामानुजगंज रस्त्यावरील तातापानी येथे. 'ताता' म्हणजे तापलेले. तेथील पाणी इतके कढत असते की त्यात उतरण्यापूर्वी ते निववावे लागते. मकरसंक्रांतीला तेथे मोठी जत्रा भरते. म्हणजे आपल्याकडे पाणी आहे, माणसे आहेत आणि मुक्कामाची परंपराही आहे. उणीव कशाची आहे, हा प्रश्न मला जपानमध्ये अधिक स्पष्टपणे कळला.

मुलगी-जावई तेथे नोकरीनिमित्त असताना आम्ही किनोसाकी या ह्योगो प्रांतातील गावी दोन रात्री काढल्या. बरोबर माझी वृद्ध आई आणि तीन वर्षांची नात होती. तेथील पारंपरिक पथिकगृहाला रियोकान म्हणतात. दारातच पादत्राणे काढायची, खोलीत तातामीच्या चटया आणि प्रत्येकाच्या मापाचा सुती युकाता. नातीच्या मापाचाही होता, याचे तिला फारच अप्रूप वाटले. आईला खाली बसवत नाही हे पाहून न मागता एक बुटकी खुर्ची आली. आम्ही जेवायला गेलो, तेवढ्यात खोलीत गाद्या घातल्या गेल्या. (शाकाहारी म्हणून सांगितलेल्या सारातही तेथे माशाचा अर्क असू शकतो. मुलीने आधी पत्र लिहून खुलासा करून घेतला होता. जाणाऱ्यांनी तसे अवश्य करावे.)

खरी अडचण स्नानाची होती. जपानी ओन्सेनमध्ये स्त्रियांचे आणि पुरुषांचे कुंड वेगळे असते, पण आत वस्त्रे घालून जाता येत नाही. माझ्या आईने ते ऐकूनच मान फिरवली. त्यावर तोडगा तयार होता. एका कुटुंबापुरते छोटे कुंड घटकाभर राखून मिळत होते आणि त्याला आतून कडी होती. आई, सून आणि पणती तेथे निवांत बसल्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "इतक्या वर्षांत इतक्या निर्धास्तपणे अंघोळ केली नव्हती."

हे वाक्य मी पर्यटनाच्या नव्हे, प्रशासनाच्या खाती मांडतो. किनोसाकीत सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. पाहुणे लाकडी खडावा वाजवीत एकातून दुसऱ्यात जातात आणि वाटेतली दुकाने त्यावर चालतात. १९२५ च्या भूकंपात आणि आगीत हे गाव जवळजवळ नष्ट झाले. ते पुन्हा उभे राहत असताना एका पथिकगृहाने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचे कुंड काढले. गावाने हरकत घेतली. हे पाणी गावाचे, ते कोणा एकाने स्वतःच्या भिंतीआड नेऊ नये, असे गावाचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. तडजोड व्हायला १९५० साल उजाडले. आतले कुंड ठेवायला परवानगी मिळाली, पण त्याचा आकार मर्यादित ठरला. पाणी सामायिक ठेवून गावाच्या व्यवस्थेतूनच सर्वांना द्यायचे आणि बाहेरची स्नानगृहे हीच मुख्य राहायची, असे ठरले. नागानो प्रांतातील नोझावा ओन्सेन येथे तर तेरा स्नानगृहे गावकऱ्यांचे गटच झाडतात आणि राखतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एलिनॉर ऑस्ट्रॉम आठवतात. सामायिक संपत्ती जपायला एक तर सरकार हवे नाही तर खासगी मालक, ही समजूत त्यांनी १९९० च्या ग्रंथात खोडून काढली आणि त्यातील उदाहरणांत जपानी खेडीही होती. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अर्थात गावाच्या पाठीशी कायदा आहे. जपानचा ओन्सेन कायदा १९४८ चा आहे. उगमापाशी किमान २५ अंश सेल्सिअस उष्णता किंवा ठरावीक क्षार असतील तर ते पाणी ओन्सेन ठरते, आणि नवा बोअर घेण्यास प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते. स्नान करणाऱ्याकडून साधारणतः १५० येन कर घेतला जातो, मुलांना बहुधा माफ असतो. त्याचा पैसा उगमाचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटन यांवरच खर्च करायचा असतो. तेथेही लबाडी होते. २००४ मध्ये एका नामांकित ठिकाणी पाण्यात रंग येण्यासाठी भुकटी मिसळल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी पाण्यात काय मिसळले, ते तापवले का, याचा फलक लावणे सक्तीचे झाले.

आता आपल्याकडे या. कुंड देवस्थानचे, पायऱ्या पर्यटन खात्याच्या, रस्ता बांधकाम विभागाचा, कचरा ग्रामपंचायतीचा, आणि उगम कोणाचाच नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या धर्तीवर भूजल हे जमिनीच्या मागे जाते, एवढेच आपण धरून चालतो. मी पाहिलेल्या एका कुंडावर स्त्रियांसाठी तीन भिंती बांधलेल्या होत्या, चौथी निधीअभावी राहिली होती. शेजारी विश्रामगृह मात्र संपूर्ण होते. ते अधिकाऱ्यांसाठी राखीव होते. सामान्य कुटुंबाला आरक्षण मिळाले तरी वरून कोणी आले की ते रद्द होते. ज्या मुक्कामाची शाश्वती नाही, तेथे वृद्ध आईला कोण नेईल?

तातापानीचा परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवले आहे, आणि छत्तीसगडचे पेसा नियम २०२२ मध्ये आले. कुंड हा जलसाठा नव्हे, असे कोणी सहकारी म्हणतील. माझ्या मते तो आहे, आणि ग्रामसभेला तसे लिहून द्यावे. छत्तीसगडने २०२५ मध्ये होमस्टे धोरणही मंजूर केले आहे. गावातील दहा घरांनी दोन-दोन खोल्या आणि शेतातले जेवण द्यावे, स्त्रियांच्या कुंडाला चौथी भिंत आणि आतून कडी असावी. महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार आहेच. तो पैसा कुंडावरच खर्च व्हावा, एवढा ठराव पुरेसा आहे.

२०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि त्यात विजेबरोबर उष्णतेच्या थेट वापराचाही विचार आहे. म्हणून घाई आहे. उद्या एखादी कंपनी बोअर घेईल आणि कुंडाची धार क्षीण होईल, तेव्हा त्या धारेचे आधीचे मोजमाप कोणाच्या दप्तरी असेल? किनोसाकीचे गाव न्यायालयात उभे राहू शकले, कारण पाणी आपले आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

हे स्वस्त नाही, हेही सांगतो. रियोकानचा दर माणशी असतो, दोन जेवणांसह, आणि तो आपल्या खिशाला जडच असतो. पण सार्वजनिक स्नानगृहात गावचा शेतकरीही संध्याकाळी थोडक्या पैशात त्याच पाण्यात बसलेला असतो. तातापानीला दर ठरवताना आधी त्याचा दर ठरवावा, पाहुण्यांचा नंतर.