हक्कसोडपत्र

रविवारी सकाळी मुलीचा फोन येतो. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची रात्र असते, नातवंडं झोपलेली असतात आणि आम्हा दोघींना निवांत बोलता येतं. एरवी बोलणं काय, तर आमसुलं संपली का, गुडघा कसा आहे, शेजारी मुंबईहून कोण आलंय. गेल्या महिन्यात मात्र ती एकदम म्हणाली, "आई, आम्ही इथून बाहेर पडायचा विचार करतोय. पोर्तुगाल बघतोय. नाहीतर सरळ मालवणला येऊ."

"मालवणला येऊ" ऐकल्यावर काय झालं ते खरं सांगते. ती पुढचं वाक्य बोलेपर्यंत माझ्या मनात माडीवरच्या खोलीला रंग देऊन झाला होता. सत्तरी उलटलेल्या, एकटीने राहणाऱ्या आईला आणखी काय हवं असतं?

पण चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला की एक खोड लागते. कोणी काही ठरवलं की कारण विचारायचं. मी विचारलं. नोकऱ्या ठीक आहेत, मुलांच्या शाळा ठीक आहेत, तब्येती ठीक आहेत. कारण एकच, तिकडचं राजकारण. "रोज बातम्या बघितल्या की पोटात गोळा येतो गं. हा देश आता आपला वाटत नाही," ती म्हणाली.

तिकडे कोणाचं बरोबर आणि कोणाचं चूक, हे मी इथे बसून सांगणार नाही. ते मला पुरतं कळतही नाही. पण "देश आपला वाटत नाही, म्हणून निघतो" हे जे वाक्य आहे, त्याबद्दल मात्र मला काही म्हणायचं आहे. पटलं तर बघा.

असं म्हणणारी ती काही पहिली नव्हे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत अध्यक्षपदाचा निकाल लागत होता, तेव्हा कॅनडाच्या स्थलांतर खात्याची वेबसाइट लोकांच्या गर्दीने बंद पडली होती. २०२४ च्या निकालानंतरही तीच चर्चा पुन्हा सुरू झाली. त्याच्या अर्धशतक आधी, व्हिएतनामचं युद्ध नको म्हणून हजारो अमेरिकन तरुण सीमा ओलांडून कॅनडात गेले होते. सक्तीची सैन्यभरती टाळणाऱ्यांना १९७७ च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी माफी दिली. काही परतले, काही तिकडेच राहिले.

आपल्याकडे माणसं घर सोडतात ती बहुतेक पोटासाठी. आमचा सिंधुदुर्ग तर चाकरमान्यांचाच जिल्हा. गिरणीत गेले, गोदीत गेले, पुढे आखातात गेले, अमेरिकेत गेले. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं आणि २०२४ साली २,०६,३७८ जणांनी. म्हणजे रोज साडेपाचशेहून जास्त. यातले किती पोटासाठी आणि किती रागाने, हे त्या आकड्यांत कळत नाही. माझी मुलगीही अशाच एका वर्षीच्या आकड्यात आहे. ती रागाने गेली नव्हती. नोकरी होती, कर्ज होतं, मुलं तिथे जन्मली होती. आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. तिने तिकडचं घेतलं तेव्हा इकडचं आपोआप गेलं. रद्द केलेला भारतीय पासपोर्ट तिने मला दाखवला होता. मी काही बोलले नाही. पोटासाठी गेलेल्याला काय बोलायचं?

रागाने जाणं वेगळं आहे. ते कसं वेगळं, हे मला आमच्या कोकणातल्या सातबाऱ्यावरून समजतं.

आमच्याकडे सातबारा उघडला की एकेका गुंठ्यावर वीस-पंचवीस नावं निघतात. पणजोबांपासूनची सामायिक जमीन. भावाभावांत बोलणं नाही, एक जण मुंबईला, एक वडोदऱ्याला, एकाचा पत्ता नाही. आंब्याच्या कलमावरून कोर्टकचेऱ्या. पण कितीही भांडण झालं तरी शहाणा माणूस एक गोष्ट करत नाही. रागाच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करत नाही. "मी मुंबईला चाललो, तुझं तोंड बघणार नाही," असं म्हणेल, पण नाव काढू देणार नाही. आणि जो सही करून देतो, त्याला पुढे त्या जमिनीत काही चुकीचं चाललं तरी तोंड उघडता येत नाही.

देश हाही सामायिक सातबाराच आहे. निवडणूक जिंकली म्हणून सगळी जमीन जिंकणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर होत नाही. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं नाव त्यावर असतं, तसं आपलंही असतं.

गंमत बघा, हे दोन प्रकारची माणसं विसरतात. एक, जो म्हणतो, "आता हा देश माझा राहिला नाही." आणि दुसरा, जो टीका करणाऱ्याला म्हणतो, "पटत नसेल तर चालता हो." आपल्याकडे हे दुसरं वाक्य हल्ली उठसूट ऐकू येतं, तिकडेही येतंच. वरवर ही माणसं एकमेकांची वैरी वाटतात, पण दोघांची समजूत एकच, की सत्ता ज्याची त्याचाच देश. पहिला निघून जातो तेव्हा दुसऱ्याला हवं तेच होतं.

मग काय, कोणी कधी देश सोडूच नये? तसं नाही. जिवावर बेतलं, तुरुंग समोर दिसू लागला, तर जायलाच हवं. त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्याने आधी ती वेळ अनुभवावी. पण जाऊनही हक्क सोडला नाही, याचं उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. ते आमच्या आंबोलीतच सापडतं. आणि त्याचा संबंध नेमका मुलीच्या पोर्तुगालशी आहे.

गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि लिस्बनला सालाझारची हुकूमशाही होती, तेव्हा गोव्यात जाहीर बोलायची सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही बांद्यावरून पत्रादेवीच्या सीमेत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला आंबोलीच्या जंगलातून एक रेडिओ केंद्र सुरू झालं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत, सुरुवातीला निकोलाव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून गोव्यातल्या लोकांना बातम्या सांगायच्या, पोर्तुगीज सरकारचा खोटेपणा उघडा करायचा. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, ही माणसं रानात राहून हे काम करत होती. गोवा मुक्त झाल्याची बातमी शेवटी त्या दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून, गोवेकरांना सांगितली. पुढे त्यांनी लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शंभरीच्या होत्या.

ही माणसंही सीमेच्या बाहेरच बसली होती की. पण का? तिथून आवाज आत पोचवता येत होता म्हणून. तोंड फिरवायला ती बाहेर पडली नव्हती.

आमच्याच पेशातल्या एकाने तर उलटा रस्ता धरला. सांगलीकडचे मोहन रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ साली पकडले गेले. गोवा सुटला तरी ते सुटले नाहीत. पोर्तुगालच्या तुरुंगातून बाहेर यायला त्यांना १९६९ साल उजाडलं.

आणि ज्या पोर्तुगालने हे सगळं केलं, त्याच्याच राजवटीला कंटाळून त्या काळात लाखो पोर्तुगीज फ्रान्सला निघून जात होते. कोणी गरिबीमुळे, कोणी आफ्रिकेतल्या वसाहतींच्या युद्धावर जायचं नाही म्हणून. मारियो सोआरिश हे त्यांचे विरोधी नेते पॅरिसला जाऊन राहिले. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि तीन दिवसांत सोआरिश आगगाडीने परत आले. पुढे ते पंतप्रधान झाले, राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनीही देश सोडला होता, हक्क सोडला नव्हता.

आज त्याच पोर्तुगालला अमेरिकन माणसं शांत, सुरक्षित देश म्हणून जात आहेत. आमच्या शेजारच्या गोव्यात तर १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी पोर्तुगीज पासपोर्टसाठी रांगा लावल्या. जिथून लोक पळत होते तिथे आता लोक पळून जातात. पन्नास-साठ वर्षांत एवढं बदलतं. पण ते आपोआप बदललं नाही. कोणीतरी मागे राहिलं किंवा बाहेरून धक्के देत राहिलं, म्हणून बदललं. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. "आई, तू तास घेतेयस," म्हणाली. घेत होतेच!

दुसरी एक गोष्ट मला खटकते. निघून जायचा विचार करायला हाताशी काहीतरी लागतं. पैसा, पदवी, पासपोर्ट. आमच्या वाड्यातला रापणीचा म्हातारा मला रोज भेटतो. बाहेरचे ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडून नेतात, रात्री एलईडीचे दिवे लावून नेतात, हे त्याचं दुःख. अशा दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली, पण दिवे दिसायचे थांबले नाहीत, असं तो सांगतो. त्याला मी मुलीची हकिकत सांगितली. तो म्हणाला, "बाई, आमचो दर्या हयच आसा. आमी खंय जातलों?" आणि दुसऱ्या दिवशी तो मत्स्य कार्यालयावरच्या मोर्चाला गेला. राग त्यालाही येतो. पण त्याच्या रागाला दुसरी वाट नाही, म्हणून तो कार्यालयाच्या दारात जाऊन उभा राहतो. जाऊ शकणारी सगळी शिकलेली माणसं निघून गेली, तर त्याच्या शेजारी उभं कोण राहणार? अमेरिकेतही असा कोणीतरी असेलच, ज्याला कुठेच जाता येणार नाही.

आता मुलीच्या मालवणचं. खोलीला रंग द्यायचं स्वप्न बाजूला ठेवून मी कागद मागवला आणि वाचला. परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना जे ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर इथे कितीही वर्षं राहता येतं. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी घेता येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पत्रकारितेसारखं काम करायचं तर खास परवानगी लागते. म्हणजे ती इथे आली तर आईची लेक म्हणून येईल, पण या गावच्या कारभारात तिचं मत नसेल. इथल्या सातबाऱ्यावरून तिने नाव कधीच कमी करून घेतलंय. आज तिचं नाव आहे ते तिकडच्या सातबाऱ्यावर, आणि नेमकं तेच टाकून यायचं तिच्या मनात आहे.

मी तिला "ये" म्हणाले असते तर ती आली असती. तिच्या भीतीच्या जोरावर तिला घरी आणणं मला सोपं होतं. नाही म्हणाले.

म्हणजे "येऊ नकोस" असंही म्हणाले नाही, दगड नाही मी. म्हणाले, "कुठेही राहा. लिस्बनला राहा, इथे राहा. खोली तुझीच आहे. पण तिकडचं नागरिकत्व रागाने सोडू नकोस. तुमच्या लोकांना परदेशातून टपालाने मत देता येतं ना? ते एकदाही चुकवू नकोस. तिथल्या ज्या शाळेच्या, ग्रंथालयाच्या कामात तू आहेस ते लांबून जमेल तेवढं कर. आणि यातलं काहीच करायचं नसेल, नुसत्या बातम्या ऐकू येऊ नयेत म्हणून निघायचं असेल, तर टीव्ही बंद कर. स्वस्तात होईल."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाली, "बघते."

आपल्या परदेशातल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना अशी टपालाची सोय नाही. मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. आमचे मुंबईचे चाकरमानी अजून तेच करतात. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून येतात, सकाळी शाळेतल्या केंद्रावर रांग लावतात, दुपारी घरचं जेवून परत निघतात. गाव सोडून त्यांना तीस-तीस वर्षं झालीत. गावच्या कारभाराला शिव्या घालतच येतात. पण येतात.

मुलीचं अजून काही ठरलेलं नाही. खोलीचा रंग मी दिवाळीपर्यंत पुढे ढकललाय.