सायवनच्या वाटेनं, एका बुटावर

शनिवारी भल्या पहाटे डहाणू लोकल पकडायची म्हणजे अलार्मशी मारामारीच. पण बॉस, जुलैमधलं सायवन बघायचं तर एवढं करावंच लागतं. 2013 पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. पुढे कासा, आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून सायवन. मोबाइलची रेंज कधी गेली ते आम्हाला कळलंही नाही. (टीम लीडला मात्र लगेच कळलं.)

रस्ता सोडून आम्ही चौघं खोऱ्यात उतरलो. साग, ऐन, मोह, मध्येच बांबूचं बेट. सागाची पानं एवढी मोठी की पाऊस आधी त्यांच्यावर वाजतो, मग आपल्यावर पडतो. खाली खाचरांत भातलावणी चालली होती. एका दादांना वाट विचारली, तर हातातलं काम टाकून ते निम्म्या वाटेपर्यंत आले. पैसे देऊ केले तेव्हा नुसते हसले आणि परत चिखलात उतरले. ओशाळायला झालं.

धबधबा छोटासाच, पण खाली मस्त डोह. बूट काढून मी पाण्यात शिरलो, तेवढ्यात मोळी घेऊन चाललेल्या एक आजी ओरडल्या, "ए पोरा, बाहेर ये! पाणी बघ!"

पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. काटक्या, पालापाचोळा वाहत होता. आमच्या डोक्यावर ऊन; पाऊस वर डोंगरात पडत होता. थोड्याच वेळात मी उभा होतो तो खडक दिसेनासा झाला. माझा एक बूटही गेला.

शेजारच्या जव्हार तालुक्यात, काळमांडवीच्या धबधब्यात जुलै 2020 मध्ये पाच तरुण बुडाले. लॉकडाऊनमध्ये घरी बसून ती बातमी वाचताना मी म्हणालो होतो, काय ही मुलं, अक्कल नाही!

आजींना धन्यवाद म्हणायला वळलो, तर त्या केव्हाच पुढे गेल्या होत्या.

कासा नाक्यावर स्लिपर घेतल्या आणि संध्याकाळी डहाणूचा किनारा गाठला. 1991 पासून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानला जातो, म्हणून चिकूच्या वाड्या अजून समुद्रापर्यंत दिसतात. जवळच वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, मच्छिमारांचा विरोध असतानाच. चिकू मात्र घेतले, दोन किलो. एक पिशवी टीम लीडसाठी.