धाराशिवच्या बायकांचे देणे

धाराशिव जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. १९९९ साल सरत आले असताना आरोग्य कार्यकर्त्या तिथल्या गावांत घरोघर जाऊन तिशी ते साठीच्या बायकांची नावे लिहून घेऊ लागल्या. घरातल्या घरातही जे कुजबुजतच बोलले जाते, ते या बायकांना परक्या बाईशी बोलायचे होते. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग. कुणी खुरपणी टाकून आली, कुणी सासूला विचारून, कुणी न विचारता. पाहता पाहता ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांची नावे त्या वह्यांत लागली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेली ही वैद्यकीय चाचणी आज जगभरच्या वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत आहे. ती ज्या गावांत झाली, तिथे मात्र तिची आठवणही फारशी उरलेली नाही.

चाचणीची रचना साधी होती. गावांचे चार गट केले आणि कोणत्या गटाला काय मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडले. एका गटाची या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, तिसऱ्याची व्हिनेगरसारखे आम्ल लावून डोळ्यांनी. चौथ्या गटाला नेहमीची, म्हणजे त्या भागात असेल नसेल तेवढी आरोग्यसेवा. ज्यांच्यात दोष सापडला त्यांच्यावर उपचार झाले आणि आठ वर्षे सगळ्यांची नोंद ठेवली गेली. २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आला. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ बायका दगावल्या होत्या, पॅपच्या गटात ५४, डोळ्यांनी तपासलेल्या गटात ५६. एचपीव्हीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. ज्यांच्यात विषाणू नाही असे ठरले होते, त्यांच्यातली एकही बाई त्या आठ वर्षांत या रोगाने गेली नाही.

चौसष्ट आणि चौतीस. दोन्ही गट साधारण एकाच आकाराचे, तीस-पस्तीस हजारांचे. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे तीस बायका, तीस घरे. त्या बायका कुठल्या गटात पडल्या हे त्यांनी ठरवले नव्हते. तुलना केल्याशिवाय कोणता उपाय खरा हे कळत नाही, आणि तुलनेसाठी कुणाला तरी उपायाविना राहावे लागते. वैद्यकीय चाचणीतला सर्वांत जड भाग हाच. म्हणूनच या चाचणीवर पुढे कठोर टीका झाली. पॅप तपासणीने जीव वाचतात हे श्रीमंत देशांना अनेक दशके ठाऊक असताना एकतीस हजारांवर बायकांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप होता. चाचणी करणाऱ्यांचे उत्तर असे की भारतात अशी तपासणी नव्हतीच. शहरी प्रयोगशाळांवर बेतलेली पद्धत खेड्यात चालेल का, हाच तर प्रश्न होता. आमच्या मते आक्षेपात तथ्य आहे आणि उत्तरातही आहे. पण त्या उत्तराला एक अट आपोआप चिकटते. ‘तुमच्याकडे काहीच नव्हते म्हणून तुम्हाला काहीच दिले नाही’ असे सांगणाऱ्या व्यवस्थेवर, उपाय सापडल्यानंतर तो सर्वांत आधी त्याच दारी नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी येते. ही जबाबदारी एकट्या संशोधकांची नाही. ती सरकारची आहे आणि ती पार पडलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे २०१९ ते २०२१चा आकडा पाहा. देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरातल्या दोनही नाहीत. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा रोग होतो आणि सुमारे ८० हजार दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, आणि त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचा वाटा आहे. आपल्याकडे २०१६ साली देशव्यापी तपासणीचे नियम आले ते आम्ल लावून पाहण्याच्या पद्धतीचे. ती पद्धत निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दर दोन वर्षांनी, कसून शिकवलेल्या कार्यकर्त्यांकरवी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण कसून शिकवलेली कार्यकर्ती आणि दर दोन वर्षांनी न चुकता येणारी फेरी या दोन गोष्टी उपकेंद्रात आणायच्या कशा? तिथे एकच नर्सबाई बाळंतपण, लसीकरण, रक्तदाब, मधुमेह आणि नोंदवह्या एका हाताने ओढत असते. पडद्याविना खोली, डगमगते टेबल, बाहेर रांगेत बसलेले गावातलेच पुरुष. अशा जागी कोणती बाई झोपून तपासून घेईल? एचपीव्ही तपासणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, आडोशाला जाऊन, लहानशा ब्रशने. या कामात लाज हाच सर्वांत मोठा अडसर असताना त्याच्यावरचा इतका सोपा उपाय बाजूला पडून राहावा, याचे फार वाईट वाटते.

तपासणी नसते तिथे भीती विकली जाते. ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ हे वाक्य मराठवाड्यातल्या किती बायकांनी ऐकले असेल! शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, कोयता खाली ठेवता येत नाही, खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. अशा बाईला एका विश्वासार्ह तपासणीचा कागद मिळाला असता, ‘तुला कॅन्सर नाही’ एवढे सांगणारा, तर कितीतरी शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

याच १९९९ सालची महाराष्ट्रातली दुसरी गोष्ट आठवावी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. तीही चाचणीच होती, तिथेही तुलनेची गावे होती. पण २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बालसेवा ही देशाची योजना झाली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन जाते, ते त्या प्रयोगाचेच फळ. म्हणजे चाचणीचा निष्कर्ष झोळीत घालून उंबऱ्यापर्यंत नेणे या राज्याला आणि देशाला जमते, हे सिद्ध झालेले आहे. धाराशिवच्या बाबतीत ते केले गेले नाही, एवढेच.

संमतीचा प्रश्नही याच हिशेबात येतो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीचा एक प्रकल्प चालू होता. आदिवासी आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या आढळल्या. प्रकल्पातल्या काही मुली दगावल्या. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही, पण विश्वास गेला तो गेलाच. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या गदारोळात एप्रिल २०१० मध्ये देशातल्या एचपीव्ही लसीच्या इतर चाचण्याही थांबल्या. त्यात बार्शी आणि पुण्यातल्या केंद्रांचा सहभाग असलेली एक चाचणी होती. दोन की तीन डोस द्यावेत, हे तीत पाहायचे होते. मध्येच थांबल्याने सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांना सोडून दिले नाही, दहा वर्षे पाठपुरावा केला आणि एक डोसही भक्कम संरक्षण देतो असे दिसून आले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा मानला, त्याला आधार देणाऱ्या पुराव्यात बार्शीच्या मुली आहेत. पुन्हा एकदा जगाने उत्तर घेतले ते याच मातीतून.

वैद्यकीय चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार कागदोपत्री चित्र पुष्कळ सुधारलेले आहे. नोंदणी सक्तीची आहे, इजा झाल्यास भरपाई आहे, नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल घटकांची संमती घेतानाचे चित्रीकरण आहे. पण संमतीपत्राची मराठी एकदा वाचून पाहावी. इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेली पंधरा-वीस पाने, त्यात ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द आणि शेवटी अंगठ्यासाठी चौकट. ‘तुम्हाला नवे औषध मिळेल की जुने, हे चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरलाही ते ठाऊक नसेल’ एवढे म्हटले तरी कोणत्याही बाईला समजते. ‘डॉक्टरसाहेब म्हणतील तसं’ ही संमती नव्हे. ज्या समितीने ती पाने मंजूर केली, तिने ती एखाद्या शेतमजूर बाईला वाचून दाखवून तिच्याकडूनच समजून घ्यावीत, मग शिक्का मारावा.

पण कितीही नेमके समजावले तरी बाईचा एक प्रश्न राहतोच: याने माझ्या लेकीला काय मिळणार? १९९९ मध्ये नावे दिलेल्या बायका आज पंचावन्नी, साठी, सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्या लेकी आणि सुना आता तिशी-चाळिशीत आहेत, म्हणजे नेमक्या तपासणीच्या वयात. राज्य सरकारने एचपीव्ही तपासणी सुरू करण्याचा कार्यक्रम आखताना मुंबई-पुण्यापासून सुरुवात करू नये. धाराशिवच्या त्या ५२ गावसमूहांपासून करावी, आणि त्यांतही आधी त्या गावांपासून, जिथल्या ३१,४८८ बायकांना चौथ्या गटात ठेवले होते. त्यांची यादी बार्शीला झालेल्या कामाच्या दप्तरात असणारच. आरोग्यमंत्र्यांनी ती मागवून घ्यावी.