स्वतःच्या कंठाने गाणारी अनारकली

पडद्यावर गाजलेली आणि प्रत्येकाने आपापल्या स्मृतीत जपलेली गाणी पुन्हा रंगमंचावर आणण्याचे धाडस जो दिग्दर्शक करतो, त्याच्यासमोरचा प्रत्येक प्रेक्षक मनात त्या जुन्या चित्रपटाची कैफियत घेऊनच बसलेला असतो, हे मान्य करूनही मी म्हणेन की, फिरोज अब्बास खान यांनी २०१६ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये प्रथम सादर केलेले 'मुघल-ए-आझम' हे संगीत नाटक पाहताना मला झालेला आनंद केवळ स्मरणाचा नव्हता.

परदेशात असे प्रयोग नवे नाहीत. १९३३ चा 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट' हा चित्रपट १९८० मध्ये ब्रॉडवेवर आला आणि जीन केली यांचा १९५२ चा 'सिंगिंग इन द रेन' १९८३ मध्ये लंडनच्या रंगमंचावर अवतरला. या दुसऱ्याचे कथानक मला फार अर्थपूर्ण वाटते. बोलपटाच्या आगमनकाळी एका रूपवती परंतु कर्कश आवाजाच्या नटीसाठी आडून दुसरीच तरुणी गाते, आणि अखेर भर सभेत मागचा पडदा सरकवून खरा कंठ कोणाचा, हे लोकांपुढे उघड केले जाते.

आपल्याकडे त्या आडच्या कंठालाच सिंहासन मिळाले. के. आसिफ यांच्या १९६० च्या 'मुघल-ए-आझम' चित्रपटात शीशमहालात मधुबाला नाचते, स्वर लता मंगेशकरांचा असतो, चाल नौशाद यांची असते, आणि तरीही तिघांचे मिळून एकच व्यक्तिमत्त्व झाल्याचा भास होतो. ही किमया थोर आहे यात संदेह नाही. परंतु रंगमंचावर जेव्हा प्रियांका बर्वे, म्हणजे भावगीतगायिका मालती पांडे यांची नात, अनारकली होऊन उभ्या राहतात, तेव्हा बोलणारी तीच आणि गाणारीही तीच असते. बादशहाच्या नजरेला नजर देताना घेतलेला श्वास पुढच्या ओळीत सुरावर उमटतो, शब्द किंचित कंप पावतो, कथक नर्तकींच्या घुंगरांचा नाद थांबल्यावर क्षणभर सारे प्रेक्षागृह तिच्या पुढच्या स्वराची वाट पाहते. हा धोका पडद्यावर नाही, आणि धोक्यावाचून गाण्यातले शौर्यही प्रत्ययास येत नाही.

वस्तुतः ही कथा मूळची रंगभूमीचीच. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली लिहिलेले 'अनारकली' हे नाटक चित्रपटाच्या पाठीशी आहे. तेव्हा हे आगमन नव्हे, पुनरागमन होय. मराठी माणसाला तर नटाने स्वतः गाण्याचे अप्रूप वाटू नये, कारण अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, तीच आपली रीत. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका केली आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. जिथे 'वन्स मोअर' मिळत नाही, तिथे त्या गळ्याला करमणे कठीणच होते, असे मला वाटते.

आमच्या धाराशिवच्या मुलखाला या नाटकातल्या दरबारी उर्दूचे परकेपण वाटण्याचेही कारण नाही. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. कचेरीतले अर्ज आणि फैसले उर्दूत होते. अकबराचा समकालीन असलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा तर स्वतः संगीताचा जाणकार, 'किताब-ए-नौरस'चा कर्ता. त्याच्याच कारकिर्दीत नळदुर्गच्या बोरी नदीवर बंधारा घालून पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात त्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे प्रपात कोसळू लागले की सज्जात उभ्या असलेल्या माणसाला वास्तुशिल्पी आणि गवई एकाच दरबारात वावरत असावेत, असे सहज वाटून जाते.

२०१७ मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन आमच्याच शहरात भरले, तेव्हा ऐन एप्रिलच्या उन्हाळ्यात या जिल्ह्याने नाटकवाल्यांचे आतिथ्य केले होते. संगीत नाटके काढणाऱ्या संस्थांनी आपले दौरे पुण्या-सोलापुरात न थांबवता धाराशिव, तुळजापूर आणि उमरग्यापर्यंत आणावेत, अशी माझी विनंती आहे. आणि आपल्या जिल्ह्यातील रसिकांनी पासाची तजवीज न करता स्वतःच्या खर्चाने तिकिटे काढावीत. दौऱ्याचा खर्च निघाला तरच पुढचा प्रयोग लागतो.