शिडाची नौका आणि लॅपटॉप

छत्रपति संभाजीनगरापासून समुद्र दीडशें मैलांहून अधिक दूर आहे. तेव्हां नौकानयनाशीं आपला संबंध काय, असें कोणी म्हणेल. परंतु पैठणचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरास नेत, असें पहिल्या शतकांतील एका ग्रीक लेखकानें लिहून ठेविलें आहे. शिवाय आमचा आजचा प्रश्न नौकेपुरताच नाहीं. तो प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलचाहि आहे.

हल्लीं शिडाच्या लहानशा नौकेवरहि लॅपटॉप असतो. उपग्रहांच्या संकेतांवरून नौकेचें स्थान निघतें व तें पडद्यावरील नकाशावर आपोआप उमटतें. आसपासचीं जहाजें दिसतात, हवेचें भाकीतहि तेथेंच वाचावयास मिळतें. मग कागदी नकाशा, कर्कटक आणि पेन्सिल आतां कशास, असें तरुण मंडळी विचारतात. आमचें मत असें कीं, लॅपटॉप नौकेवर अवश्य असावा. मात्र त्याच्यासाठीं कागदाचा नकाशा नौकेवरून उतरवूं नये.

याचें कारण ऐकण्यासारखें आहे. जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतींत ‘टीम वेस्टास विंड’ ही शिडाची नौका केप टाउनहून अबू धाबीस जात होती. २९ नोव्हेंबर २०१४ रोजीं ती हिंदी महासागरांत, मॉरिशसच्या ईशान्येस, कार्गादोस काराहोस नांवाच्या प्रवाळखडकांवर भर वेगांत आदळली. खलाशी अनुभवी, यंत्रें उत्तम, नौकेचें स्थानहि ठाऊक! नऊहि जण वांचले, हें त्यांचें दैव. पुढें चौकशींत आढळलें कीं, पडद्यावरील नकाशा पुरेसा मोठा करून कोणी पाहिला नव्हता, आणि त्या नकाशाच्या लहान प्रमाणांतील चित्रणांतहि दोष होता. विद्यार्थ्यांनीं याचा प्रयोग घरीं करावा. मोबाईलवरील नकाशा सारा महाराष्ट्र दिसेल इतका लहान करावा. वेरूळचें नांव त्यांतून बहुधा नाहींसें होतें. लेणीं मात्र जागच्या जागींच असतात. तसेच ते खडक.

कागदावर सारा समुद्र एकदम डोळ्यांपुढें राहतो. शिवाय दर तासास पेन्सिलीनें खूण करणाऱ्यास, आपली रेघ पुढें कोठें जाते हें पाहावेंच लागतें. यंत्र आपण होऊन खूण करितें, म्हणून पाहणाऱ्याचें मन निजतें. आमचा खरा आक्षेप हाच. खारें पाणी लॅपटॉपला सोसत नाहीं व बॅटरी संपते, हीं कारणें त्यामानानें गौण होत.

तथापि जुन्याचाच अभिमान बाळगणाऱ्यांशींहि आमचें जमत नाहीं. गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ ही नौका बांधली गेली. तिच्यांतून कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० सालीं एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं तीच कोठेंहि न थांबतां केली. त्यांजजवळ उपग्रहांचीं यंत्रें होतीं, म्हणून त्यांचें धैर्य उणें ठरत नाहीं. पुढें २०१८ सालीं टॉमी अशा एका शर्यतींत उतरले, कीं जींत मार्ग काढण्यास केवळ सेक्स्टंट व कागदी नकाशे वापरण्याची मुभा होती. दक्षिण हिंदी महासागरांत वादळानें डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीस जबर दुखापत झाली. २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांस उचलून घेतलें. अफाट समुद्रांत ती नौका कोठें आहे, हें कळलें तें उपग्रहामुळेंच!

आकाशावरून स्थान काढणें कठीण आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश उंच, जवळजवळ तितकाच आपला अक्षांश. निरभ्र रात्रीं गच्चीवर जावें, हात ताठ पुढें करून मूठ मिटावी. एक मूठ म्हणजे सुमारें १० अंश. आपल्या शहरीं ध्रुव मुठीवर मूठ ठेवून दोन मुठींइतका उंच दिसतो. मग मोबाईल काढून अक्षांश ताडून पाहावा. अंशभर फरक पडला, तर तोच समुद्रावर साठ सागरी मैलांचा होतो.