दैव, नियम आणि जगज्जेतेपद

ब्राझीलचा मोटार-शर्यतपटू फेलिपे मासा याने मार्च २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात एक दावा दाखल केला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, फॉर्म्युला वन शर्यतींचे व्यवस्थापन आणि या व्यवसायाचे एके काळचे सर्वाधिकारी बर्नी एक्लस्टन यांच्याविरुद्ध हा दावा आहे. २००८ साली केवळ एका गुणाने हुकलेले जगज्जेतेपद हा त्याचा विषय. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने दाव्याचा काही भाग पुढे चालविण्यास मुभा दिली. एवढ्या वर्षांनी खेळातील पराभवाचा हिशेब न्यायासनासमोर मांडला जावा, याचे अनेकांना नवल वाटले. वस्तुतः या दाव्याच्या मुळाशी असलेला प्रश्न एका खेळाडूपुरता मर्यादित नाही. पराभव दैवाचा कोणता आणि अन्यायाचा कोणता, हे ठरवावयाचे कसे, हा तो प्रश्न होय.

फॉर्म्युला वनचे विजेतेपद एका शर्यतीवर ठरत नाही. वर्षभर निरनिराळ्या देशांत होणाऱ्या शर्यतींतील गुणांची बेरीज करून ते दिले जाते. २ नोव्हेंबर २००८ रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे हंगामाची अखेरची शर्यत झाली. मासाने ती जिंकली आणि काही सेकंद तो जगज्जेता ठरल्यासारखे वाटले. परंतु त्याच्या मागून येणाऱ्या लुईस हॅमिल्टनने शेवटच्या फेरीतील अखेरच्या वळणांवर टिमो ग्लॉकला मागे टाकून पाचवे स्थान मिळविले. हॅमिल्टनचे गुण ९८ झाले, मासाचे ९७. एवढ्यावरच ही हकीकत संपती, तर ती दैवगतीची एक विलक्षण कथा म्हणून लोकांच्या स्मरणात राहिली असती.

तथापि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिंगापूर येथे जे घडले, त्याचे खरे स्वरूप २००९ मध्ये उजेडात आले. रेनो संघाच्या नेल्सन पिके (धाकटा) याने आपली गाडी चौदाव्या फेरीत हेतुपुरस्सर भिंतीवर आदळली होती. अपघात झाला म्हणजे सर्व गाड्यांचा वेग रोखणारी सुरक्षा-गाडी मार्गावर येते आणि त्या काळी आधीच इंधन भरून घेतलेल्या चालकाचा लाभ होत असे. तसा लाभ पिकेचा सहकारी फर्नांडो अलोन्सो याला झाला आणि त्याने शर्यत जिंकली. तोपर्यंत आघाडीवर असलेला मासा सुरक्षा-गाडीच्या काळात इंधन भरावयास थांबला, घाईगर्दीत इंधनाची नळी गाडीला अडकलेली असतानाच निघाला आणि तेराव्या स्थानावर फेकला गेला. रेनोने आरोप नाकारले नाहीत. संबंधितांना शिक्षाही झाल्या. निकाल मात्र तसाच राहिला. महासंघाच्या धुरिणांना ही लबाडी २००८ मध्येच कळली होती आणि त्यांनी ती दडवली, असे मासाचे म्हणणे आहे.

या प्रकरणात दैव आणि लबाडी यांची इतकी गुंतागुंत झालेली आहे की, प्रथम ती सोडविणे अवश्य आहे. त्या वर्षी हंगेरीत अवघ्या तीन फेऱ्या उरलेल्या असताना आघाडीवर असलेल्या मासाच्या गाडीचे इंजिन निकामी झाले. उलट बेल्जियममध्ये हॅमिल्टनने जिंकलेली शर्यत शिक्षेमुळे त्याच्या हातून गेली आणि मासाच्या पदरात पडली. ज्या खेळात माणसाइतकेच यंत्राचेही बळ पणाला लागते, त्यात इंजिनाने दगा देणे, टायर फुटणे, ऐन वेळी पाऊस येणे हे खेळाचेच अंग होय. असे दैव सर्वांच्या वाट्याला येऊ शकते, त्यामागे कोणाचा हेतू नसतो आणि म्हणून ते कितीही क्रूर असले तरी अन्याय्य नसते.

दैवाप्रमाणेच नियमांच्या गणितालाही पुष्कळदा अन्याय म्हटले जाते. १९८८ साली अॅलेन प्रोस्टने वर्षभरात १०५ गुण मिळविले आणि आयर्टन सेनाने ९४. तरीही जगज्जेता झाला तो सेना. त्या काळी सोळा शर्यतींपैकी उत्तम अकरा शर्यतींचेच गुण धरीत; त्या हिशेबाने सेनाचे ९० आणि प्रोस्टचे ८७ भरले. त्याआधी १९८४ मध्ये याच प्रोस्टचे विजेतेपद निकी लाउडाकडे अवघ्या अर्ध्या गुणाने गेले होते. मोनाकोची शर्यत मुसळधार पावसामुळे ३१ फेऱ्यांनंतर थांबविण्यात आली आणि अंतर अपुरे राहिल्यामुळे विजेत्या प्रोस्टला नवाऐवजी साडेचार गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळून तो जगज्जेता झाला असता. शर्यत थांबवावी म्हणून हातवारे करणाऱ्यांत प्रोस्ट स्वतः होता, हा त्यातील दैवदुर्विलास.

या दोन्ही निकालांबद्दल हळहळ वाटते. परंतु त्यांना अन्याय म्हणता येणार नाही. उत्तम अकरा शर्यतींचा नियम पहिल्या शर्यतीपूर्वीच दोघांना ठाऊक होता आणि दोघांनी त्याच नियमाखाली गाड्या चालविल्या. नियम शहाणपणाचा नसेल तर तो बदलावा. हा नियम पुढे १९९१ च्या हंगामापासून रद्द झालाही. परंतु मूर्खपणाचा नियम आणि अन्याय्य वागणूक या दोन गोष्टी भिन्न आहेत. परीक्षेच्या गुणपद्धतीत दोष असू शकतो. पण उत्तरपत्रिका लिहून होत आलेली असताना ती पद्धत बदलणे, हा दोषाहून वेगळा आणि गंभीर प्रकार होय.

नेमके तेच १२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबी येथे घडले. हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टापेन हे दोघेही प्रत्येकी ३६९.५ गुण घेऊन अखेरच्या शर्यतीत उतरले होते. ५८ फेऱ्यांपैकी ५३ व्या फेरीत दुसऱ्याच एका चालकाला अपघात झाला, तेव्हा हॅमिल्टन चांगला आघाडीवर होता. सुरक्षा-गाडी आली. व्हर्स्टापेनने नवे टायर चढवून घेतले. हॅमिल्टन जुन्याच टायरांवर राहिला. इथपर्यंतचा भाग दैवाचा आणि डावपेचांचा. पण दोघांच्या मध्ये एक फेरी मागे असलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यत-संचालक मायकेल मासी यांनी प्रथम अशा गाड्यांना पुढे जाण्यास मनाई केली आणि नंतर फक्त त्या पाचच गाड्यांना मोकळीक दिली. इतर मागासलेल्या गाड्या होत्या तेथेच राहिल्या. त्यानंतर आणखी एक फेरी थांबण्याची नियमावलीतील तरतूदही पाळली गेली नाही. एका फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू झाली आणि ताज्या टायरांच्या बळावर व्हर्स्टापेनने हॅमिल्टनला मागे टाकून जगज्जेतेपद मिळविले.

व्हर्स्टापेनकडे यात तिळमात्र दोष जात नाही. त्याने त्या वर्षी दहा शर्यती जिंकल्या, हॅमिल्टनने आठ. बाकू येथे तो आघाडीवर असताना त्याचा टायर फुटला होता. वर्षभराचा हिशेब केला तर विजेतेपद त्याला शोभूनच दिसते. आक्षेप आहे तो निर्णयाच्या रीतीला. सुरक्षा-गाडीसंबंधी संचालकाचा अधिकार सर्वोपरी आहे, असे नियमावलीचे १५.३ वे कलम पुढे करून पंचांनी हरकती फेटाळल्या. शर्यत गाड्यांच्या संथ मिरवणुकीत न संपता खऱ्या चुरशीत संपावी, अशी संघांचीही अपेक्षा असते, असेही सांगण्यात आले. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या गाड्यांच्या जिवाची जोखीम ज्याच्या शिरावर आहे, त्याला काही स्वेच्छाधिकार असलाच पाहिजे, हेही नाकारता येणार नाही.

परंतु स्वेच्छाधिकार कोणत्या हेतूसाठी दिलेला असतो, हे विसरून चालत नाही. चालकांच्या आणि मार्गावरील सेवकांच्या सुरक्षिततेसाठी दिलेला अधिकार शेवट रंगतदार व्हावा म्हणून वापरला, की अधिकारी पंच न राहता नाटककार होतो. नाटककार नकळत का होईना, पण कोणाच्या तरी बाजूने प्रवेश लिहितो. पाचच गाड्यांना वाट देण्याचा निर्णय पावसासारखा सर्वांवर सारखा पडणारा नव्हता. त्याचा लाभ एकालाच आणि तोटाही एकालाच होणार, हे त्या क्षणी उघड होते. अशा निर्णयाला दैव म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे. महासंघाने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मानवी चूक झाल्याचे मान्य केले, संचालकाचा हेतू शुद्ध असल्याचे म्हटले आणि निकाल कायम ठेवला. तत्पूर्वी मासी यांच्या जागी दुसऱ्यांची योजना झाली होती. पुढे मागासलेल्या ‘सर्व’ गाड्यांना वाट द्यावी, अशी नियमाची भाषाही स्पष्ट करण्यात आली.

ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी मासाच्या दाव्यातून निघणारा धडा त्याहून खोल आहे. वर्ष संपून पारितोषिके दिली गेली की निकाल अंतिम होतो, हा खेळातील नियम आहे आणि तो योग्यही आहे. अन्यथा कोणतेही विजेतेपद कधीच पक्के होणार नाही. सिंगापूरची शर्यत आज रद्द ठरवावी, तर त्या शर्यतीत गुण मिळविलेल्या प्रत्येकाचे गुण बदलतात आणि ज्याचा त्या लबाडीशी संबंध नव्हता त्या हॅमिल्टनवर नवा अन्याय होतो. परंतु निकालाला अंतिमता हवी असेल, तर तत्पूर्वी सत्य बाहेर काढण्याची जबाबदारी नियंत्रकांवरच येते. अपराध माहीत असूनही मुदत उलटेपर्यंत मौन धरले गेले, असे न्यायालयात सिद्ध झाले, तर त्या अंतिमतेचा नैतिक आधारच ढासळेल. दडवादडवीने मिळविलेली अंतिमता ही न्यायाची नव्हे, केवळ कालहरणाची असते.

या खेळाच्या इतिहासात न्यायबुद्धीचा एक उज्ज्वल दाखलाही आहे. १९५८ मध्ये पोर्तुगालच्या शर्यतीत गाडी मार्गाच्या उलट दिशेने नेल्याच्या आरोपावरून माइक हॉथॉर्नचे दुसरे स्थान जाण्याची वेळ आली होती. हॉथॉर्न शर्यतीच्या मार्गावर नव्हे, पदपथावर होता, अशी साक्ष त्याचाच प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस याने दिली आणि हॉथॉर्नचे गुण वाचले. वर्षाअखेरीस हॉथॉर्न ४२ आणि मॉस ४१, असा निकाल लागला. चार शर्यती जिंकणारा मॉस हरला, एकच जिंकणारा हॉथॉर्न जगज्जेता झाला. मॉसला ते पद पुढेही कधी मिळाले नाही.

मॉसने जे केले ते करण्यास कोणताही नियम त्याला भाग पाडीत नव्हता. स्वतःच्या हिताविरुद्ध खरे बोलणे ही अपेक्षा प्रत्येक खेळाडूकडून करता येणार नाही. परंतु ज्यांचे हित कोणत्याच बाजूला गुंतलेले असू नये, त्या पंचांकडून आणि नियंत्रकांकडून तेवढी अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नाही. पावसाने किंवा इंजिनाने हिरावून घेतलेले विजेतेपद खेळाडू सोसू शकतो, कारण पुढच्या वर्षी ते परत मिळविण्याची आशा त्याला असते. ज्याच्या हाती नियमांची राखण सोपविली, त्याच्याच हातून ते गेले, तर ती आशाही उरत नाही.