ईव्ही कोळशावरच चालते ना? मग फायदा किती?

"धूर पुण्यात निघायच्या ऐवजी आमच्या चंद्रपुरात निघणार, एवढाच फरक ना रे?"

गेल्या महिन्यात मामांनी फोनवर हा प्रश्न विचारला. त्यांची पेट्रोल गाडी ९ वर्षांची झालीय आणि पर्यावरणासाठी ईव्ही घ्या म्हणून मुलं मागे लागलीत. औष्णिक वीज केंद्राजवळ आयुष्य गेलेल्या माणसाचा प्रश्न उडवून लावता येत नाही. म्हणून कागद-पेन घेऊन हिशोबच केला. तुम्हीही सोबत करा.

आधी वीज कुठून येते ते पाहू

२०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅसविरहित झाली, ही बातमी तुम्ही वाचली असेल. ती खरी आहे, पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. सोलर पॅनल रात्री काम करत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष विजेतली साधारण ७० टक्के किंवा थोडी जास्तच अजूनही कोळशातून येते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे मामांची शंका रास्त आहे.

किलोमीटरमागे किती?

छोटी ईव्ही बॅटरीतल्या एका युनिटवर ७ किमी जाते असं धरू. तारांमधली गळती आणि चार्जिंगमधली तूट वजा केली की हातात साडेपाच किमीसुद्धा उरत नाहीत. म्हणजे किमीमागे साधारण १३० ग्रॅम.

आता पेट्रोल. एक लिटर जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं तर पावणेतीन किलो. गाडीचं मायलेज १५ धरलं तर किमीमागे १८० ग्रॅम.

कोळशाची वीज वापरूनही ईव्ही ५० ग्रॅमने पुढे! कारण सोपं आहे: पेट्रोल इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, इलेक्ट्रिक मोटरमध्ये फार थोडी.

पण बॅटरीचं कर्ज आहे

बॅटरी बनवतानाच बराच कार्बन निघतो. एका युनिट क्षमतेमागे ८० किलो धरले तर ३० युनिटच्या बॅटरीचे २,४०० किलो. किमीमागे ५० ग्रॅम वाचवत हे कर्ज फेडायला ४८ हजार किमी गाडी चालवावी लागते.

खरी मेख इथे आहे. रोज १०० किमी धावणारा टॅक्सीवाला हे कर्ज दोन वर्षांच्या आत फेडतो. मामांची गाडी महिन्याला जेमतेम ३०० किमी चालते. त्यांना लागतील १३ वर्षं! शिवाय जुनी गाडी ठणठणीत असताना नवी घेतली, तर नव्या गाडीचं पोलाद, काच, प्लास्टिक यांचा कार्बन वेगळाच.

दोन गोष्टी हिशोब बदलतात

पहिली, चार्जिंगची वेळ. दुपारी ग्रिडमध्ये सौरऊर्जा जास्त असते, रात्री कोळसा. छतावरच्या सोलरवर दिवसा चार्ज केलं तर तेच कर्ज १५ हजार किमीच्या आत फिटू शकतं.

दुसरी, काळ. ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसतशी तीच ईव्ही आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोल गाडी मात्र दहाव्या वर्षीही लिटरमागे तेवढाच कार्बन सोडणार.

म्हणून माझं मत: रिक्षा, टॅक्सी, डिलिव्हरीच्या गाड्या, बस यांना आधी इलेक्ट्रिक करायला हवं. सबसिडीचा पैसाही आधी तिकडेच जावा. रोज लांब जाणाऱ्याने पुढची गाडी ईव्ही घ्यावी आणि शक्यतो दिवसा चार्ज करावी.

आणि मामांना मी काय सांगितलं? "मामा, आहे तीच गाडी वापरा. ईव्हीसाठी ठेवलेल्या पैशातून थोडे काढून छतावर सोलर बसवा. तुमच्या चंद्रपूरचा धूर त्यानेच आधी कमी होईल."